आईच्या काचबिंदूला भुलीच्या नळीचा धोका आहे का?

पत्र थोडक्यात असं : सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंची आई ६४ वर्षांची आहे. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू, त्यात डाव्या डोळ्याची बाजूची नजर बरीच गेलेली. सकाळ-रात्र थेंब चालू आहेत, शिवाय बीपीची टेल्मिसार्टनची गोळी. पित्ताशयातल्या खड्यांनी वर्षभरात तीन वेळा ॲडमिट व्हावं लागलं, म्हणून आता तालुक्याच्या गावी दुर्बिणीने पित्ताशय काढायचं ठरलं आहे. ताईंच्या धाकट्या भावाने मोबाइलवर वाचलं की पूर्ण भूल देताना घशात नळी घालतात आणि त्या वेळी डोळ्याचा दाब आणि बीपी दोन्ही एकदम चढतात. तेव्हापासून घरात दोन तट पडले आहेत. भाऊ म्हणतो, नळी नकोच. कमरेत इंजेक्शन देऊन करा, नाहीतर नळीऐवजी मास्क बसवणारे डॉक्टर पुण्यात शोधू. सर्जनला डोळ्यांचं अजून कुणी सांगितलेलं नाही, कारण आईचं म्हणणं, ‘पोटाच्या डॉक्टरला डोळ्याचं कशाला? उगाच ऑपरेशन रद्द करतील.’ ताई विचारतात : नळी टाळावी का? की ऑपरेशनच पुढे ढकलावं?

ताई,

तुमच्या भावाने वाचलं ते खरं आहे, हे आधी सांगते. मी भूलतज्ज्ञ आहे आणि घशात नळी घालणं हे माझं रोजचं काम. त्या अर्ध्या-एक मिनिटात शरीरात काय होतं ते मॉनिटरवर मला रोज दिसतं. पण वाचलेली गोष्ट खरी असणं वेगळं आणि ती आपल्या आईला जशीच्या तशी लागू होणं वेगळं. तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्याने मी थबकले ते नळीचं नव्हतंच. ‘सर्जनला डोळ्यांचं सांगितलेलं नाही’, हे ते वाक्य. त्याकडे मी येणारच आहे. आधी नळीचं बघू.

निरोगी डोळ्याच्या आतला दाब साधारण पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरमध्ये असतो. डोळ्यात सतत पाणी तयार होतं आणि एका बारीक जाळीतून बाहेर पडून शेवटी शिरांमधल्या रक्तात मिसळतं. आपण खोकलो, कुंथलो की छातीतला दाब वाढतो, मानेच्या आणि डोक्याच्या शिरा फुगतात. गटार तुंबलं की मोरीत पाणी साठतं, तसंच डोळ्यात होतं. शिवाय डोळ्याच्या मागच्या पडद्याला लागून रक्तवाहिन्यांचा एक थर असतो, तोही रक्ताने फुगतो. डोळ्याचं कवच कडक आहे, त्यामुळे थोडंसं जास्त रक्तही दाब भरकन चढवायला पुरतं.

आता नळी. श्वासनलिकेचं तोंड दिसावं म्हणून आम्ही लॅरिन्गोस्कोप नावाच्या वाकड्या पात्याने जीभ बाजूला सारतो आणि स्वरयंत्रावरचं झाकण उचलतो. हे वाकडं पातं ऑक्सफर्डच्या रॉबर्ट मॅकिंटॉश यांनी १९४३ मध्ये आणलं आणि आजही जगभर तेच चालतं. भुलीत माणूस झोपलेला असतो, पण घसा हा शरीराचा राखणदार आहे, तो सहजी झोपत नाही. पात्याचा जोर लागला की शरीर ॲड्रेनॅलिन सोडतं, नाडी पळते, बीपी चढतं. ही चढण एक-दोन मिनिटांत टोकाला जाते आणि पाच-दहा मिनिटांत उतरते. डोळ्याचा दाबही त्याबरोबर चढतो, आमच्या पाठ्यपुस्तकांत ही वाढ १० ते २० मिलिमीटर सांगितलेली आहे.

आकडा ऐकून घाबरू नका, कारण यात एक गोष्ट राहून जाते. नळीच्या आधी आम्ही शिरेतून दुधासारखं पांढरं औषध देतो, प्रोपोफॉल. ते डोळ्याचा दाब खाली आणतं. बहुतेक झोपेची औषधं आणतातच. म्हणजे आईचा दाब आधी उतरेल, मग नळीच्या वेळी त्या उतरलेल्या पायरीवरून चढेल. प्रोपोफॉलच्या जोडीला फेन्टानिलसारखं वेदनाशामक वेळेवर दिलं, स्नायू पूर्ण सैल होऊ दिले आणि घाई केली नाही, तर ती चढण पुष्कळ कमी राहते. मॉनिटरची टिक्-टिक् ७२ वरून ९० वर जाते, मी हातातलं काम करत ऐकत असते, आणि टाके घालायचा धागा टेबलावर यायच्या आत ती पुन्हा ७२ वर आलेली असते.

तुमच्या भावाला ज्या मास्कबद्दल कळलं तोही खरा आहे. लंडनच्या आर्ची ब्रेन यांनी १९८१ मध्ये तो पहिल्यांदा वापरला. तो श्वासनलिकेत जातच नाही, स्वरयंत्राच्या वर टोपीसारखा बसतो. पातं घालून काही उचलावं लागत नाही, त्यामुळे नाडी, बीपी आणि डोळ्याचा दाब या तिन्हींवर त्याचा परिणाम नळीपेक्षा स्पष्ट कमी. काढतानाही पेशंट कमी खोकतो. डोळ्यांच्या ज्या ऑपरेशनला पूर्ण भूल लागते, तिथे म्हणूनच आम्हाला तो आवडतो.

मग तो सगळ्यांना का नाही? कारण श्वासनलिकेचं दार तो नळीइतकं घट्ट बंद करत नाही. पोटातलं अन्न किंवा आम्ल वर आलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात. त्या दाबाने जठर चेपतं आणि छाती फुगवायला जास्त जोर लागतो. काही ठिकाणी नव्या प्रकारचे मास्क, ज्यातून जठरातही नळी सोडता येते, वापरून पित्ताशयाची ऑपरेशनं होतात. सडपातळ, आम्लपित्त नसलेल्या पेशंटमध्ये आणि हात बसलेल्या डॉक्टरकडे. आईला जेवणानंतर आंबट ढेकर येतात का, छातीत जळजळतं का, जुनी शुगर आहे का, वजन किती, यातलं पत्रात काहीच नाही. निवड याच गोष्टींवर ठरते. डोळ्याची काळजी म्हणून फुप्फुसाची जोखीम घेणं हा सौदा मी माझ्या आईसाठी करणार नाही.

मधला मार्गही आहे. टोकाला कॅमेरा असलेले लॅरिन्गोस्कोप आता पुष्कळ छोट्या दवाखान्यांतही असतात, कोविडच्या काळात बऱ्याच जणांनी घेतले. पडद्यावर बघून नळी घालायची असल्याने जीभ उचलायला कमी जोर लागतो. डोळ्याच्या दाबाला त्याचा थोडा फायदा होतो. नाडी आणि बीपीच्या बाबतीत मात्र तो फायदा दर वेळी मिळतोच असं नाही, कारण नळी शेवटी श्वासनलिकेतूनच जाते आणि राखणदार जागा होतोच. हातात साधं पातं असलेला अनुभवी माणूस आणि कॅमेऱ्याचं नवं यंत्र पहिल्यांदा धरणारा माणूस, यांत मी पहिल्याकडे जाईन.

आता कमरेतल्या इंजेक्शनचं. पित्ताशयाचं ऑपरेशन तसंही करता येतं, काही डॉक्टर करतात. पण पोटात गॅस भरल्यावर जाग्या पेशंटचा खांदा दुखतो, जीव घाबरा होतो, आणि त्या भुलीने बीपी पडतं. इथे मला तुमच्या घरातल्या एका गृहीतकाला हात घालायचा आहे. तुम्ही सगळे ‘चढणाऱ्या’ दाबाला घाबरला आहात. पण काचबिंदूत इजा होते ती डोळ्याची शीर, म्हणजे डोळ्याला दिसलेलं मेंदूकडे नेणारी नस, जगते ती तिला पोचणाऱ्या रक्तावर. ते रक्त पुढे ढकलतं बीपी आणि त्याला अडवतो डोळ्यातला दाब. डोळ्याचा दाब पाच मिनिटं थोडा चढला आणि बीपीही बरोबर चढलं, तर शिरेला रक्त मिळत राहतं. उलट डोळ्याचा दाब आहे तिथेच आहे आणि बीपी अर्धा तास खाली पडून राहिलं, तर शिरेची उपासमार होते. म्हणून ‘आईचं बीपी अजिबात वाढू देऊ नका’ असं डॉक्टरांना सांगू नका. ते तिच्या नेहमीच्या आकड्याजवळ ठेवा, असं सांगा. तिचा नेहमीचा आकडा कळावा म्हणून आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोजून कागदावर लिहून न्या. टेल्मिसार्टनची गोळी ऑपरेशनच्या दिवशी घ्यायची की आदल्या दिवसापासून थांबवायची हे भूलतज्ज्ञांनाच विचारा. भुलीत या गटातल्या गोळ्यांनी बीपी जास्त पडू शकतं, म्हणून आमच्यातले बरेच जण ती २४ तास आधी थांबवायला सांगतात. स्वतःच्या मनाने मात्र थांबवू नका.

नळीने डोळ्याला खरोखर धोका असतो तो प्रसंग कसा असतो, ते सांगते. म्हणजे मोबाइलवरचा मजकूर इतका भीतिदायक का वाटतो ते कळेल. काही वर्षांपूर्वी लक्ष्मीपूजनाच्या रात्री नऊ वर्षांचा एक मुलगा आला. पेटला नाही म्हणून अनारावर वाकून बघत होता, तो तोंडावर फुटला. उजव्या डोळ्याचं बुबुळ फाटलं होतं. वडील रुमालाची घडी डोळ्यावर दाबून धरून होते. मी पहिल्यांदा त्यांचा हात बाजूला केला आणि कागदी कपाचा तळ कापून तो डोळ्याभोवतीच्या हाडावर टेकेल असा चिकटवला. फाटलेल्या डोळ्यावर कापसाचाही दाब नको. तासाभरापूर्वी पोरगं पोटभर चकल्या आणि करंज्या खाऊन उठलेलं. म्हणजे मास्क नको, नळीच हवी. आणि नळी घालताना तो एकदा जरी खोकला असता, तरी डोळ्यातलं आतलं सगळं त्या फटीतून बाहेर आलं असतं. स्नायू झटपट सैल करणारं सक्सामेथोनियम नावाचं एक जुनं औषध आहे, पण ते स्वतःच डोळ्याचा दाब काही मिनिटं वाढवतं. म्हणून स्नायू सैल करणारंच, पण डोळ्याचा दाब न वाढवणारं रोक्युरोनियम मोठ्या मात्रेत दिलं आणि घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिटभर थांबले. ते मिनिट फार लांब होतं. नळी गेली, पोरगं हललंही नाही. नेत्रतज्ज्ञांनी पुढे अडीच तास टाके घातले.

आईचा डोळा असा उघडा नाही, ताई. तिच्या डोळ्याचं कवच शाबूत आहे. शाबूत डोळा खोकल्याचा, शिंकेचा, बद्धकोष्ठात कुंथण्याचा दाब रोज सोसतो, आणि खोकल्या-ओकारीत तो ३०-४० मिलिमीटरनेही चढून उतरतो. (जाता जाता : आई शीर्षासन किंवा डोकं खाली करणारी आसनं करत असेल तर आजच थांबवा. शीर्षासनात डोळ्याचा दाब दुपटीच्या घरात जातो आणि खाली येईपर्यंत तसाच राहतो.) पित्ताशयाच्या ऑपरेशनची एक जमेची बाजूही आहे : त्यात टेबल डोक्याकडून वर उचलतात, त्यामुळे शिरांतलं रक्त खाली उतरतं. गर्भाशयाच्या किंवा प्रोस्टेटच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये तासन् तास डोकं खाली असतं. काचबिंदू असलेल्या पेशंटसाठी तिथे मला पाच मिनिटांच्या नळीपेक्षा त्या तिरक्या टेबलाची काळजी जास्त वाटते. हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी तसं ऑपरेशन ठरलं असेल, तर त्यांनी टेबल किती तिरकं आणि किती वेळ राहणार ते विचारावं. पालथं झोपवून होणाऱ्या मणक्याच्या ऑपरेशनलाही हेच लागू.

आता त्या वाक्याकडे येते. ‘पोटाच्या डॉक्टरला डोळ्याचं कशाला?’ आईचा धाक मी समजू शकते. तीन वेळा दुखणं सोसलंय, आता रद्द झालं तर पुन्हा सगळं नव्याने, असं तिला वाटत असणार. पण काचबिंदू आहे म्हणून पित्ताशयाचं ऑपरेशन रद्द होत नाही. दाब आटोक्यात नसेल तर नियोजित ऑपरेशन थोडं थांबवून आधी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवतील, एवढंच. आणि ते बरोबरच आहे. उलट न सांगण्याचे तोटे खरे आहेत. डोळ्यातले थेंब डोळ्यातच राहत नाहीत. ते नाकाकडे जाणाऱ्या बारीक नळीतून उतरून थेट रक्तात मिसळतात. टिमोलॉलचा थेंब असेल तर नाडी मंदावते, दमा असेल तर तो उफाळू शकतो. एकदा भुलीच्या टेबलावर एका आजींची नाडी ४८ वर आली. हृदयाचं काही नाही, गोळ्यांच्या यादीत काही नाही. नातीला बाहेर जाऊन विचारलं तेव्हा तिने आजीच्या पिशवीतून रुमालात गुंडाळलेली थेंबांची छोटी बाटली काढली. ‘हे औषध थोडीच आहे, डोळ्यात घालायचं आहे,’ असं म्हणाली बिचारी. आईला काचबिंदूसाठी डायमॉक्सची गोळी चालू असेल तर तीही सांगा, तिने रक्तातलं पोटॅशियम कमी होऊ शकतं.

म्हणून पुढच्या चार-पाच दिवसांत नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन एक चिठ्ठी आणा. दोन्ही डोळ्यांचा शेवटचा दाब, नजरेचा आवाका मोजणाऱ्या (फील्ड) तपासणीचा शेवटचा रिपोर्ट, थेंबांची नावं आणि वेळा, आणि एक महत्त्वाची ओळ : काचबिंदू उघड्या कोनाचा की बंद कोनाचा (कोन म्हणजे डोळ्यातलं पाणी बाहेर पडायची जागा). बंद कोनाचा असेल तर लेझरने छिद्र केलं आहे का, हेही. बंद कोन असेल आणि छिद्र नसेल तर बाहुली मोठी करणारी काही औषधं डोळ्यात झटका आणू शकतात. हे कळलं की भूलतज्ज्ञ औषधं त्याप्रमाणे निवडतात.

मग भूलतज्ज्ञांना भेटा. ऑपरेशनच्या सकाळी टेबलावर नाही, दोन दिवस आधी. तालुक्याच्या गावी बऱ्याचदा ते बाहेरून येतात, म्हणून सर्जनकडे आग्रह धरा. निदान फोनवर तरी बोलणं व्हायला हवं. ‘नळी घालू नका’ असं म्हणू नका. म्हणा, ‘आईला काचबिंदू आहे, डाव्या डोळ्याची नजर आधीच कमी आहे, ही चिठ्ठी. नळी घालताना आणि काढताना ती खोकू नये, नंतर उलट्या होऊ नयेत आणि बीपी पडू नये, यासाठी तुम्ही काय कराल?’ या प्रश्नाने कुणी चांगला डॉक्टर रागावत नाही. तो उत्तर देताना थांबून चिठ्ठी वाचत असेल, आईची मान वर करून, तोंड उघडून बघत असेल, तर पुण्याला जायची गरज नाही. ‘काही होत नाही, काळजी करू नका’ एवढंच म्हणून चिठ्ठी परत केली, तर मात्र मी दुसरीकडे जाईन, मग तो दवाखाना पुण्यातला का असेना.

नळी ‘काढताना’ हे मी मुद्दाम म्हटलं. घालताना पेशंट गाढ झोपेत असतो. काढताना जागा होत असतो, घसा खवखवतो, खोकतो. नळी घालण्याची सगळ्यांना भीती, पण जोराचा खोकला आणि ओकारी येते ती भूल उतरताना. त्यावर उपाय आहेत : शिरेतून खोकला दाबणारं लिग्नोकेन, उलटी थांबवणारी इंजेक्शनं आधीच, वेदनाशामक पुरेसं. तुमच्या बाजूने एकच मदत होऊ शकते. उपाशीपोटाचे नियम नीट पाळा. जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. रात्रभर पाणीसुद्धा तोडायची जुनी पद्धत असेल तर भूलतज्ज्ञांना विचारून ती बदला. सुकलेल्या माणसाचं बीपी भुलीत जास्त पडतं.

ढकलावं का, याचं उत्तर चिठ्ठीवर आहे. दाब आटोक्यात असेल तर ढकलू नका. तीन वेळा दुखलेलं पित्ताशय चौथ्या वेळी पू धरून, कावीळ घेऊन किंवा स्वादुपिंडाला सूज आणून रात्री दोनला उभं राहिलं, तर भरल्या पोटी, घाईत, तापात नळी घालावी लागेल. आईच्या डोळ्यासाठी ती सगळ्यात वाईट भूल असेल.

ऑपरेशननंतर डोळा लाल झाला, कुसळ गेल्यासारखं टोचतंय, असं ती म्हणाली तर तो बहुतेक बुबुळावरचा ओरखडा असतो. भुलीत पापणी अर्धी उघडी राहिली तर होतो, म्हणून आम्ही पापण्यांना पट्टी लावतो. एक-दोन दिवसांत भरतो, तरी डॉक्टरांना दाखवा. पण डोळा ठणकतोय, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतायत, नजर धुरकट झाली आणि उलट्या होतायत, तर ‘भुलीच्या उलट्या आहेत’ असं कुणी म्हणालं तरी थांबू नका. त्याच दिवशी, त्याच तासाला नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

आणि थेंब. ऑपरेशनच्या सकाळी ते चुकवायचे नाहीत. उपास पोटाला असतो, डोळ्याला नाही. थेंब घातल्यावर नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाने दोन मिनिटं हलकं दाबून धरा, म्हणजे रक्तात कमी उतरतात. मी पाहिलेल्या काचबिंदूच्या पेशंटांचं जे नुकसान दवाखान्यात झालं, ते बहुतेक वेळा चार-पाच दिवस थेंब बुडाल्याने झालं. वॉर्डच्या औषधांच्या कागदावर पोटाची सगळी औषधं लिहिलेली असतात, डोळ्याची बाटली मात्र घरच्या कपाटात राहते. ती आजच आईच्या पिशवीत ठेवा, सिस्टरांना सांगून कागदावर नाव लिहून घ्या. ऑपरेशनच्या रात्री आई गुंगीत असेल, तेव्हा नऊ वाजता तिची पापणी खाली ओढून थेंब कोण घालणार, तुम्ही की भाऊ, हे निघायच्या आधी घरीच ठरवा.